पाळी गेली म्हणून झोप जाऊ देऊ नका

सावनेर, खापा, केळवद, पाटणसावंगी आणि भोवतालच्या खेड्यांतल्या चाळिशी ओलांडलेल्या बायांनो, हे तुमच्यासाठी लिहिलं आहे. घरातल्या पुरुषांनी आणि मुला-सुनांनीही वाचावं, त्यांच्या वाट्याचं काम पुढे येईलच.

रात्री दोन-अडीचला एकदम जाग येते. छातीतून वर काहीतरी तापत जातं, मान-चेहरा भाजून निघतो, ब्लाउज पाठीला चिकटतो. पांघरूण फेकावं लागतं, आणि पाच-सात मिनिटांनी घाम वाळला की थंडी वाजते म्हणून तेच पुन्हा ओढून घ्यावं लागतं. मग डोळे मिटून नुसतं पडायचं. मुलीचं लग्न, बँकेचं कर्ज, कापसाचा भाव, सगळं त्याच वेळी डोक्यात येतं. पहाटे कुठे डोळा लागतो, तोच खाणीत पहिल्या शिफ्टला जाणाऱ्याच्या डब्याची वेळ होते. दिवसभर डोकं जड, साध्या बोलण्याचा राग येतो, दुधाचं भांडं गॅसवर ठेवल्याचं आठवत नाही. आणि कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं, "झोपच येऊन नाही राहिली जी. वयच झालं ना आता."

वय झालं हे खरं, पण म्हणून झोप गेलीच पाहिजे असं नाही. पाळी थांबण्याच्या काळातली निद्रानाशाची तक्रार बरी होते. त्यासाठी सोसत बसायची गरज नाही आणि औषधाच्या दुकानातून झोपेची गोळी मागून आणायचीही गरज नाही. या दोन्हींच्या मधला रस्ता आहे, तो बहुतेकींना परवडणारा आहे, आणि तो तुम्हाला कुणी सांगितला नाही म्हणून मी सांगते आहे.

विदर्भातल्या बाया किती सोसतात याचा हिशेब एकदा झालेला आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांमधल्या ६५० बायांची तपासणी केली. तो अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि जगभर गाजला. ९२ टक्के बायांना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला. त्याआधी कधी तपासणी करून उपचार घेतलेल्या बाया होत्या जेमतेम ८ टक्के. त्या अभ्यासाचा विषय झोप नव्हता. पण अंगावर काढायची सवय तीच आहे, आणि पाळी जाण्याच्या काळात ती जास्तच घट्ट होते. बाळंतपण होतं तेव्हा आशाताई घरी येत होती, वजन होत होतं, गोळ्या मिळत होत्या. पंचेचाळिशीनंतर त्याच बाईची विचारपूस करायला फारसं कुणी फिरकत नाही.

आता शरीरात काय होतं ते पाहू. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती कायमची थांबली असं धरतात. भारतात हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी होतं, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या सुमारास. पण त्रास त्याच्या कितीतरी आधी, पाळी मागे-पुढे होऊ लागते तेव्हापासूनच सुरू होतो. अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन कमी-जास्त होत होत घटत जातं. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारं एक केंद्र आहे, ते त्यामुळे फार हळवं होतं. एरवी ज्या किंचित उष्णतेची दखलही घेतली गेली नसती, तिला ते 'अंग फार तापलं' असं समजतं आणि कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडून घाम सोडतं. याच वाफा. दुसरं हार्मोन प्रोजेस्टेरॉन, त्याचा मेंदूवर गुंगी आणणारा, शांतवणारा परिणाम असतो. तेही आटतं. म्हणजे झोप मोडणारं एक कारण वाढतं आणि झोप आणणारं एक कारण कमी होतं. यात तुमच्या मनाचा कमकुवतपणा कुठेच नाही.

होईल आपोआप बंद, असं म्हणून थांबण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या 'स्वान' नावाच्या दीर्घ अभ्यासाचे आकडे २०१५ मध्ये छापून आले. वारंवार वाफा येणाऱ्या बायांना तो त्रास सरासरी ७.४ वर्षं झाला होता. सात वर्षं अर्धवट झोपून संसार, शेती आणि मजुरी करायची, हे कुणीही कुणाला सांगू नये.

ज्यांची गर्भपिशवी काढली आहे त्यांच्याबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण आपल्याकडे अशा बाया पुष्कळ आहेत. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायांचं सर्वेक्षण झालं, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, गाजावाजा झाला. त्या बायांच्या पुढच्या रात्रींचं काय झालं हे मात्र फार कमी लोकांनी विचारलं. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली असतील तर जो बदल चार-पाच वर्षांत सावकाश व्हायचा तो ऑपरेशननंतर काही दिवसांतच अंगावर कोसळतो, आणि वाफा व जागरण दोन्ही जोरात येतात. अंडाशयं ठेवली असली तरी ती काही वर्षं लवकर थकू शकतात. म्हणून ऑपरेशनचा कागद शोधून काढा. अंडाशयं काढली की ठेवली, हे त्यावर लिहिलेलं असतं. पंचेचाळिशीच्या आधी ती काढली असतील तर हाडं आणि हृदय सांभाळण्यासाठीही हार्मोनचे उपचार द्यायचे की नाही हे डॉक्टरांनी तपासायला हवं. तुम्ही विचारल्याशिवाय हा विषय कुणी काढेलच असं नाही, तेव्हा विचारा. आणि कुणी पुढे 'पिशवी काढून टाका, सगळा त्रास जाईल' असं म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

जागरणाचं प्रत्येक खापर पाळीवर फोडणंही बरोबर नाही. या वयात झोप मोडणारी दुसरी दुखणीही नेमकी वर येतात. थायरॉइड बिघडलं तरी घाम, धडधड आणि जागरण होतं. साखर वाढली की लघवीला रात्री तीनदा उठावं लागतं. रात्री अंथरुणावर पडलं की पायांत काहीतरी वळवळतं, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही, असं होत असेल तर अंगात लोह कमी असण्याची शक्यता असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायांना रक्तक्षय निघाला आहे, तेव्हा हे काही दुर्मिळ नाही. फक्त आपल्या भागासाठी एक खबरदारी: पूर्व विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. घरात कुणाला सिकलसेल असेल तर लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका, आधी रक्त तपासा.

घोरण्याकडे तर कुणी लक्षच देत नाही. पुरुष घोरला की घरभर चर्चा, बाई घोरली की तिलाच लाज. पाळी गेल्यावर झोपेत श्वास अडकण्याचा आजार बायांमध्ये बराच वाढतो. जोरात घोरणं, मध्येच श्वास थांबून दचकून जागं होणं, सकाळी डोकं दुखणं, दिवसा बसल्या जागी डुलकी येणं, ही त्याची खूण. हे उपायांनी बरं होतं, पण झोपेच्या गोळीने बिघडतं. रात्रीच्या घामाबरोबर ताप, खोकला, वजन घटणं असेल तर क्षयरोगाची तपासणी करून घ्या. घामाबरोबर छातीत दाटून येत असेल, हात किंवा जबडा दुखत असेल, तर वाफ समजून पडून राहू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा. आणि पाळी वर्षभर बंद राहिल्यावर पुन्हा रक्त दिसलं, अगदी एक डाग जरी, तरी त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. यात चालढकल नको.

मनाचंही तसंच. सकाळी नेहमीच्या वेळेच्या कितीतरी आधी जाग येते, कशात रस वाटत नाही, रडू येतं, जगण्याचा कंटाळा येतो, असं दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर चांगले उपचार आहेत. 'टेलिमानस' या मनाच्या तक्रारींसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. नाव सांगायचं नसेल तर सांगू नका, पण फोन करा.

आता झोपेच्या गोळीकडे येते. शेजारणीकडून, भावजयीकडून, किंवा दुकानदाराला 'तीच ती छोटी गोळी द्या' म्हणून आणलेली अल्प्राझोलाम आपल्या घराघरांत आहे. पहिल्या आठवड्यात ती देवासारखी वाटते. महिन्या-दोन महिन्यांत एकीच्या दोन होतात, आणि मग गोळीशिवाय झोपच येत नाही. रात्री लघवीला उठताना तोल जातो. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ व्हायला लागलेलीच असतात, त्यात मांडीचं हाड मोडलं तर पुढची वर्षं खाटेवर जातात. विसरभोळेपणा वाढतो तो वेगळाच. १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम ही दोन्ही औषधं एच-१ यादीत आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत, आणि विकली की दुकानदाराला रुग्णाचं व डॉक्टरांचं नाव वेगळ्या वहीत लिहावं लागतं. जो दुकानदार चिठ्ठी न मागता देतो तो तुमच्यावर उपकार करत नाही.

पण ज्या वर्षानुवर्षं ही गोळी घेत आहेत त्यांनी हे वाचून आज रात्री ती एकदम बंद करू नये. एकदम सोडली तर घबराट, थरथर, कधी फिट येण्यापर्यंत जातं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली कित्येक आठवड्यांत थोडी थोडी कमी करत सोडतात. सुटते, हे मी खात्रीने सांगते.

मग पहिला उपाय कोणता? तो झोपेची सवय पुन्हा लावण्याचा आहे. डॉक्टर त्याला निद्रानाशाची वर्तनोपचार पद्धत म्हणतात. २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने जुन्या निद्रानाशासाठी सगळ्यात आधी हाच उपचार द्यावा, गोळी नंतर, असं सांगितलं. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप मोडते आणि तीन महिने उलटले आहेत, तो जुना निद्रानाश. बहुतेक बाया त्यात बसतील.

उपचाराचा गाभा आपल्या भागातल्या माणसाला लगेच कळेल. आंबिया बहार धरायचा असला की संत्र्याच्या बागेचं पाणी डिसेंबर-जानेवारीत तोडतात, झाडाला ताण देतात, आणि मग पाणी सोडलं की फूल एकदम भरून येतं. झोपेलाही असाच ताण द्यायचा असतो. रात्री झोप येत नाही म्हणून बाई काय करते? साडेनऊलाच जाऊन पडते, सकाळी जमलं तर उशिरापर्यंत लोळते, दुपारी दोन तास पडते. अंथरुणात आठ-दहा तास, झोप पाच तास. त्याने झोप पातळ होत जाते आणि अंथरूण म्हणजे जागायची जागा हे मेंदू शिकून घेतो. ते उलटं करायचं.

आधी दोन आठवडे फक्त नोंद ठेवा. भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटीत पेन्सिलीने लिहिलं तरी पुरे: किती वाजता पडले, अंदाजे किती तास झोप लागली, किती वाजता उठले. घड्याळ बघत बसू नका, सकाळी अंदाजाने लिहा. समजा तुम्ही साडेनऊला पडता, साडेपाचला उठता आणि झोप होते साडेपाच तास. मग पुढच्या आठवड्यापासून अंथरुणावर जायचं ते रात्री बाराला, आणि उठायचं साडेपाचलाच. रात्र कशीही गेली तरी, रविवार असला, लग्नाहून उशिरा आलात तरी उठायची वेळ बदलायची नाही. सगळ्या उपचारात सगळ्यात जास्त काम करणारी गोष्ट हीच आहे, आणि पाळायला सगळ्यात अवघडही. अंथरुणातल्या वेळेपैकी ८५ टक्के वेळ झोप लागू लागली की झोपायला जायची वेळ पाव तासाने अलीकडे आणायची. आठवडाभर बघायचं, मग पुन्हा पाव तास. साडेपाच तासांपेक्षा खाली मात्र जायचं नाही.

पहिले दोन आठवडे कठीण जातात. दिवसा झापड येते, चिडचिड होते, आणि 'यापेक्षा आधीच बरं होतं' असं वाटून बऱ्याच जणी इथेच सोडतात. तिथे सोडू नका. त्या दिवसांत स्कूटी चालवताना, कडबाकुट्टीवर चारा कापताना जपा, शक्य असेल तर ते काम दुसऱ्याकडे द्या. ज्यांना फिट येतात, ज्यांना वेड्यासारखा उत्साह आणि मग उदासी असा मनाचा आजार आहे, किंवा ज्यांचा झोपेत श्वास अडकतो, त्यांनी हा ताणाचा भाग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

दुसरा नियम असा: झोप आली तरच अंथरुणावर जायचं, आणि वीसेक मिनिटं जागं पडल्यासारखं वाटलं तर उठायचं. दोन खोल्यांच्या घरात कुठे जायचं, हा प्रश्न खरा आहे. स्वयंपाकघरात बसा, छपरीत बसा. मंद दिवा लावून तुरीची डाळ निवडा, वाती वळा, जपमाळ ओढा. काम कंटाळवाणं असावं. मोबाइल नको. डोळे मिटायला लागले की परत या. रात्रीतून तीनदा उठावं लागलं तरी चालेल. अंथरुणात भाजीपाल्याचा हिशेब, फोनवरचं बोलणं, टीव्ही हे सगळं बंद. दुपारची झोप उन्हाळ्यात अगदीच टळत नसेल तर वीस मिनिटं, आणि तीनच्या आत.

तिसरा भाग डोक्यातल्या विचारांचा. 'आज झोप नाही झाली तर उद्या मी कोसळणार' हा विचार झोपेचा मोठा शत्रू आहे. तुम्ही कित्येक वाईट रात्रींनंतरही डबे केले आहेत, निंदण केलं आहे, पाहुणे सांभाळले आहेत. एक रात्र गेली तर शरीर पुढच्या रात्री थोडं वसूल करतं. काळज्यांसाठी संध्याकाळी सहा-सातला पंधरा मिनिटं ठरवून बसा, वहीत लिहून काढा, समोर उद्या करायची एक गोष्ट लिहा आणि वही मिटा. हे पोरकट वाटतं, पण काम करतं.

हे सगळं पाळी जाण्याच्या काळातल्या बायांवर तपासून झालं आहे का? झालं आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या सिएटल भागातल्या १०६ बायांवरचा प्रयोग छापून आला. सगळ्या ४० ते ६५ वयाच्या, सगळ्यांना वाफा येत होत्या आणि झोप मोडत होती. निम्म्यांना आठ आठवड्यांत सहा वेळा फोनवरून हाच वर्तनोपचार शिकवला, बाकीच्यांना पाळी जाण्याबद्दलची साधारण माहिती दिली. फोनवर उपचार शिकलेल्या बायांची झोप दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे जास्त सुधारली, ती सुधारणा पुढे सहा महिन्यांच्या तपासणीतही टिकली, आणि वाफांचा जाचही त्यांना कमी वाटू लागला. सहा फोन! यंत्र नाही, महागडं औषध नाही. हे वाचल्यापासून मला वाटत आलं आहे की आपल्या तालुक्यात हे का होऊ नये.

तरीही काही जणींच्या वाफा इतक्या जोरात असतात की नुसत्या सवयीने भागत नाही. रात्री पाच-सहा वेळा भिजून उठणाऱ्या बाईला 'वेळ पाळा' एवढंच सांगणं क्रूरपणाचं आहे. तिला वाफांवरचा उपचार हवा, आणि त्यात सगळ्यात प्रभावी आहे हार्मोनचा उपचार. त्याची भीती कुठून आली तेही सांगते. जुलै २००२ मध्ये अमेरिकेतला एक मोठा प्रयोग मध्येच थांबवला गेला आणि 'हार्मोनने कॅन्सर होतो' ही बातमी जगभर गेली. त्या प्रयोगातल्या बायांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या बाया. आणि स्तनाच्या कॅन्सरची वाढ होती ती वर्षाला दर १०,००० बायांमागे सुमारे ८ जास्त, अशी. धोका खोटा नाही, पण त्याचा आकार एवढा आहे. आज तज्ज्ञांचं मत असं की साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत असलेल्या, त्रास जास्त असलेल्या आणि बाकी प्रकृती ठीक असलेल्या बाईला फायदा बहुधा धोक्यापेक्षा जास्त असतो. गर्भपिशवी असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन घ्यावंच लागतं. ते रात्री घेतलं तर झोपेलाही थोडी मदत होते. कातडीवर लावायच्या जेलमध्ये रक्ताच्या गाठीचा धोका गोळीपेक्षा कमी समजतात.

स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली असेल, अर्धांगवायू किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, यकृताचा आजार असेल, कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर हा उपचार साधारणपणे देत नाहीत. सिकलसेल असलेल्या बाईनेही ते आधी सांगावं, कारण गाठींचा धोका तिला मुळातच जास्त. अशांसाठी हार्मोन नसलेली औषधं आहेत: गॅबापेंटिन, व्हेनलाफॅक्सिन, कमी मात्रेत पॅरॉक्सेटिन. यांतली काही मुळात दुसऱ्या आजारांची औषधं आहेत, म्हणून चिठ्ठीवर 'मानसिक आजाराची गोळी' दिसली तर दचकू नका. कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरॉक्सेटिन टाळतात. ते चालू असल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगा. लघवीच्या जागेची आग आणि कोरडेपणा यामुळे रात्री उठावं लागत असेल तर तिथे लावायचं इस्ट्रोजेनचं मलम मिळतं. बाया हे बोलायला लाजतात आणि एका साध्या मलमाने सुटणारा त्रास वर्षानुवर्षं काढतात.

जडीबुटीची, सोयाबीनच्या अर्काची, ऑनलाइन येणारी महागडी डबी घेण्याआधी थांबा. वाफांवर त्यांचा गुण भक्कमपणे सिद्ध झालेला नाही, आणि नैसर्गिक म्हणून निर्धोक असं काही नसतं. अश्वगंधा घेत असाल आणि थायरॉइडची गोळीही चालू असेल तर डॉक्टरांना सांगा.

आपल्या इथल्या काही गोष्टी बदलता येतील. मेमध्ये पंचेचाळीसच्या वर पारा जातो, भिंती रात्रभर तापलेल्या असतात. कूलर बाईच्या अंगावर येईल असा ठेवा, बहुतेक घरांत तो पुरुषाच्या खाटेकडे तोंड करून असतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की कूलरचं पाणी बंद करून नुसता पंखा चालवा, कारण दमट हवेत घाम वाळत नाही. सुती कपडे, उशाशी पाणी आणि एक कोरडा ब्लाउज. याने वाफा थांबत नाहीत, पुन्हा झोप लागायला सोपं जातं, एवढंच. सावजी रस्सा रात्रीऐवजी दुपारी खा. चहाचा अंमल पाच-सहा तासांनीही निम्मा उरलेला असतो, म्हणून शेवटचा कप दुपारी तीनला. आणि खर्रा, तंबाखू, नस: झोपण्याआधी तोंडात धरलेली चिमूट मन शांत करते असं वाटतं, पण निकोटीन मेंदूला जागं ठेवतं. सोडता आलं तर उत्तमच, निदान संध्याकाळनंतर नको. रोज अर्धा तास भरभर चालणं झोपेला मदत करतं. शेतमजुरी करणाऱ्या बाईला हे सांगायची गरज नाही, घरी बसून शिवणकाम करणारीला आहे.

आता घरच्यांसाठी. कृषिपंपाची वीज रात्रीच्या पाळीत असली की शेतकरी रात्री ओलित करायला निघतो आणि बाई चहासाठी उठते. त्याने आपला चहा आपण करावा. मुलाच्या शिफ्टचा डबा आठवड्यातले निम्मे दिवस त्याने किंवा सुनेने रात्रीच तयार करावा. आईला सहा-आठ आठवडे ठरावीक वेळी झोपू-उठू देणं, एवढं एक घर नक्की करू शकतं. ती वेगळ्या खाटेवर, वेगळ्या खोलीत झोपते म्हणाली तर त्यात रुसण्यासारखं काही नाही. आणि ती चिडते तेव्हा 'डोकं फिरलं का' म्हणण्याआधी काल रात्री किती झोपली ते विचारा.

जायचं कुठे? आधी जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात. बीपी, साखर, हिमोग्लोबिन तिथे होतं. पुढे सावनेरचं ग्रामीण रुग्णालय. तिथून चिठ्ठी घेऊन नागपूरला डागा, मेयो, मेडिकल किंवा एम्समध्ये स्त्रीरोग विभाग आहे, मनोविकार तज्ज्ञ आणि घोरण्यासाठी श्वसनरोग विभाग मेडिकलला आहे. सावनेरहून एसटीने तासाभराचा रस्ता. जाताना कालनिर्णयचं पान, चालू औषधांची पाकिटं आणि ऑपरेशनचा कागद बरोबर घ्या. आणि आत गेल्यावर 'अशक्तपणा वाटते जी' एवढंच सांगून सलाइन लावून परत येऊ नका. नीट सांगा: पाळी अमुक महिन्यांपासून बंद आहे, रात्री इतक्या वेळा घामाने जाग येते, इतके तास झोप होते, इतक्या महिन्यांपासून. हे चार आकडे सांगितले की डॉक्टरांना दुर्लक्ष करता येत नाही.

आरोग्य मंदिरांतल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना, आशाताईंना आणि बचतगटांच्या अध्यक्षांना एक मागणं आहे. दरवर्षी १८ ऑक्टोबरला जागतिक रजोनिवृत्ती दिन असतो. सोयाबीनची काढणी आटोपत आलेली असते. त्या आठवड्यात गटाच्या बैठकीत हप्त्याचं झाल्यावर अर्धा तास या विषयाला द्या. ज्यांची झोप मोडते त्यांची नावं घ्या, थायरॉइड आणि हिमोग्लोबिनची तपासणी एका दिवशी लावा. आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी मागा की निदान एका आरोग्य अधिकाऱ्याला हा वर्तनोपचार शिकवावा, म्हणजे ती तालुक्यातल्या बायांना फोनवरून आठ आठवडे सोबत देऊ शकेल. अर्जावर वीस-पंचवीस बायांच्या सह्या असू द्या, आणि त्याची पोच घ्यायला विसरू नका.